खोळ वाळेपर्यंत

१

त्या रविवारी काहीच घडलं नव्हतं. तेजश्रीनं पुढे तो दिवस मनात इतक्यांदा उघडून पाहिला की त्याच्या घड्या फाटायला आल्या. तरी दर वेळी तिला हेच वाटे, की काहीच तर घडलं नव्हतं.

ती पुण्याहून दिंद्रुडला पोचली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. फाटकातून आत येताच जळक्या केसांचा वास आला. गोठ्यात तिची थोरली चुलती बायनाबाई वासराच्या सुजलेल्या मानेवर तापल्या विळ्यानं डाग देत होती. घरात तिला सगळे मोठी आई म्हणत. सत्तरी गाठलेली, मूलबाळ नसलेली, तरुणपणीच कपाळ उघडं पडलेली बाई. तिनं आपला सगळा जीव ह्या घरात आणि त्यातल्या जनावरांत लावला होता.

"बघू नगंस," ती विळा निखाऱ्यात खुपसत म्हणाली. "पुण्याची झालीस तू. चक्कर यील."

ओसरीवर अण्णा, तिचे वडील, सदऱ्याला इस्त्री करत होते. राधाकिशन पंचायत समितीचे माजी सदस्य. दुपारी माजलगावला बैठक होती, आणि आपल्या सदऱ्याची कॉलर दुसऱ्या कुणाला जमत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. आत आई पुऱ्या तळत होती. तेलाचा एक थेंब तिच्या मनगटावर उडाला आणि ती अशी किंचाळली की राधाकिशन इस्त्री तशीच टाकून आत धावले. सदऱ्यावर पिवळा त्रिकोण उमटला.

"थेंबभर तेलाला गाव गोळा केलंस की गं सुरेखा," मोठी आई गोठ्यातून ओरडली. "बाळंत कशी झालतीस तू?"

"तुमी डोळे वटारून समोर बसलावता, म्हणून मुकाट झाले," आई म्हणाली, आणि सदऱ्याच्या दुःखात असलेले राधाकिशनसुद्धा हसले.

जेवणानंतर तेजश्रीनं बाकरवडीचा पुडा काढला आणि आईसाठी आणलेली गरम पाण्याची रबरी बॅग. गेला महिनाभर आई फोनवर खांद्याचं गाऱ्हाणं सांगत होती. आईनं बॅगेच्या पन्हाळी पत्र्यासारख्या पाठीवरून बोट फिरवलं, रबराचा वास घेऊन नाक मुरडलं, वरची मऊ निळी खोळ काढली आणि लगेच धुवून दोरीवर टाकली. नवी वस्तू पाण्यातून काढल्याशिवाय वापरायची नाही, हा तिचा नेम.

दुपारी ती म्हणाली, "आज लई आवळल्यागत होतंय गं. खांद्यापासनं खाली."

तेजश्रीच्या मांडीवर प्रुफं होती. पुण्यात एका प्रकाशकाकडे ती मुद्रितशोधक होती. दुसऱ्यांनी लिहिलेलं ओळ न् ओळ वाचायचं, सुटलेलं हेरायचं, हे तिचं काम. ती म्हणाली, "मग शेक घे की. मी पाणी तापवते."

"खोळ वाळू दे."

"खोळ वाळेपर्यंत काय कण्हत बसणारेस?"

तिनं बॅग भरून दिली. आईनं ती पदराखाली घेतली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. थोड्या वेळानं तिथूनच म्हणाली, "पाणी तापवलंतस, का नुसतं चुलीला दाखवून आणलंस?" तेजश्रीनं हसत उठून बॅग पुन्हा भरली. आईला डोळा लागला.

चारची बस होती. फाटकापाशी आई म्हणाली, "तेजू, तुला एक दाखवायचं व्हतं."

"पुढच्या वेळी, आई. बस जाईल."

"बरं. पुढच्या टायमाला."

त्यानंतर अठराव्या दिवशी आई बीडच्या दवाखान्यात वारली.

२

डॉक्टरीणबाईंनी राधाकिशन आणि तेजश्री, दोघांनाच आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"यांना ब्रेस्ट इम्प्लांट होतं. आणल्याबरोबर का नाही सांगितलं?"

राधाकिशन टेबलावरच्या पेनाकडे बघत राहिले, तेजश्री भिंतीवरच्या कॅलेंडराकडे.

एप्रिलात पुण्याला आईचा डावा स्तन काढला होता. कॅन्सर वेळेवर सापडला होता. त्याच ऑपरेशनमध्ये आत सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं, ते आईच्या हट्टानं. "गावात मला एका अंगानं सपाट फिरवू नका," एवढंच ती म्हणाली होती. गावात मात्र सांगितलं, गर्भपिशवी काढली. "आपल्याकडं पिशवी काढली म्हणलं की पुढं कुणी इचारत न्हाई," राधाकिशन म्हणाले होते, आणि खरंच कुणी विचारलं नाही. निम्म्या गल्लीतल्या बायांची काढलेली होती.

खरं तिघांनाच ठाऊक. त्यातही तेजश्रीनं, जिनं परक्या बायांच्या दुःखांची कपाटंच्या कपाटं वाचली होती, आईला फोनवर कधी "तुझं ते बरं आहे ना?" यापलीकडे विचारलं नाही. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टर समजावून सांगायला आले की ती औषधं आणायला खाली जायची. आईचं अंग उघडं पडेल अशा प्रत्येक वेळी तिला काहीतरी काम निघायचं.

"इम्प्लांटवरची कातडी पातळ असते," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "ती भाजली. मग चिघळून उघडी पडली. साखर होतीच. भाजल्याबरोबर आणलं असतं तर इम्प्लांट काढून टाकून जीव वाचवता आला असता. पण दोन आठवडे अंगावर काढले, आणि विष रक्तात उतरलं."

"भाजली?" तेजश्रीनं विचारलं. "कशानं?"

"तेच मी तुम्हाला विचारतेय. एकाखाली एक आडव्या रेघा आहेत. केसपेपरवर काढून ठेवल्यात. त्या शुद्धीवर होत्या तेव्हा विचारलं, तर म्हणाल्या, माझ्याच हातनं झालं. बाई असं म्हणते ना, तेव्हा बहुतेक वेळा ती कुणाला तरी पाठीशी घालत असते."

राधाकिशननी मान वर केली. 

"डाग दिलाय. वहिनीनं. त्या दिवशी वासराला देत व्हती."

गाडीत बसताना ते पुन्हा एकदाच बोलले. "तेरावं होऊ दे. त्या बाईला घरात ठिवणार न्हाई."

३

दहाव्याचा विधी झाला आणि मोठ्या आईचं बोचकं ओसरीच्या कोपऱ्यात येऊन बसलं. ते तिनंच बांधून ठेवलं होतं. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. चहासुद्धा कुत्र्यापुढं वाटी सरकवावी तसा कुणीतरी सरकवत होतं.

तेजश्री गोठ्यात गेली.

"तू बी त्येच इचारायला आलीस?" मोठी आई वैरण टाकत राहिली.

"तू दिलास का डाग?"

"वासराला दिला. बाईला द्यायचा तर धरायला दोन माणसं लागतेत. तू लहान व्हतीस, कावीळ झालती, तवा तुझ्या पोटावर दिलता म्या. तुझी माय तुझे पाय धरून रडत व्हती आन तू अशी वरडलीस की बाभळीवरचे कावळे उडाले." तिनं हात झटकले. "तुझ्या मायला तेलाचा थेंब सोसत न्हाई. तिला म्या चार-चार डाग दिले, आन तिनं हूं का चूं केलं न्हाई? भिताडाला भिताड लागून घरं हायती. जा, इचार, कुणी आयकलं का."

 हे खरं होतं.

"आन दुसरं सांग. पिशवी काढलेल्या बाईच्या छातीवर डाग दिऊ कशाला म्या? काय झालतं तिच्या छातीला?"

उत्तर तेजश्रीच्या जिभेवर होतं. ते एका शब्दाचं होतं. तो तिनं आजवर कित्येक प्रुफांत तपासला होता, आणि आता ती वासराकडे बघत राहिली.

"न्हाई सांगायचं तर नको सांगूस," मोठी आई म्हणाली. "मला शिरूरला भाच्याकडं धाडतेत. भाचा लेकराबाळांसकट उसाला गेलाय कारखान्यावर. दिवाळीपासनं घराला कुलूप. म्या काय कुलपाला सांगू व्हय, उघड बाबा, आत्या आली म्हणून?"

वासराच्या मानेवरच्या जखमा सुकत होत्या. चार रेघा. पहिली लांब, दुसरी आखूड, तिसरी तिरपी जाऊन चौथीला मिळालेली. विळा दर वेळी नव्यानं तापतो, हात दर वेळी नव्यानं टेकतो, खालचा जीव दर वेळी हिसडा देतो.

तेजश्री घरात आली. बीडहून आणलेले कागद तिनं घडी करून ठेवले होते आणि एकदाही उलगडले नव्हते. आता तिनं केसपेपर उघडला. डॉक्टरीणबाईंनी पेनानं छोटी आकृती काढली होती: सहा रेघा, सरळ, एका लांबीच्या, दोन-दोन रेघांत अगदी सारखं अंतर. जणू पट्टीनं मारलेल्या.

कुणाच्याही हातानं असा डाग देता येत नाही. आणि असा डाग सोसताना आई ओरडलीही नव्हती.

४

गावात बायांच्या दुखण्याखुपण्याचं कुणाला ठाऊक असेल तर ते आरोग्य केंद्राच्या आशाताईला, वर्षाराणीला. वर्षाराणी अंगणवाडीच्या पायरीवर बसून लसीकरणाची यादी लिहीत होती. तेजश्रीला बघून तिनं वही मिटली.

"बसा, तेजूताई. म्या येणारच व्हते सांगायला, पण अण्णांची भीती वाटती."

"काय सांगायला?"

"तुमी आलतात त्या रविवारी, बरोबर? दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सकाळी सुरेखाकाकू आलत्या. भाजल्याचं मलम हाय का म्हणाल्या. म्हणलं काय झालं, तर म्हणे तळताना हात भाजला. म्हणलं दाखवा, तर दाखवनात. शेवटी ट्यूब घ्यायला हात पुढं केला, तर मनगटावर एवढुसा फोड. म्या म्हणलं, काकू, ह्याला आख्खी ट्यूब कशाला, लुगडं भाजलंय का काय? तर हसल्या नुसत्या."

म्हणजे सोमवारी सकाळच्या आत. रविवारी. तेजश्री घरात असतानाच.

"हल्ली लोक बी काही बोलायचे बघा काकूंना," वर्षाराणी म्हणाली. "घागर उचलत न्हाई, हात वर करून दोरीवर धुणं टाकत न्हाई, सदस्याची बायको म्हणून ताठलीय म्हणायचे. त्या ऐकून घ्यायच्या. पिशवीच्या ऑपरेशनला इतकं पथ्य म्या न्हाई बघितलं कुणाचं."

आई पथ्य पाळत होती. तिला कळलेलं सगळं पाळत होती: वजन उचलायचं नाही, डाव्या कुशीवर झोपायचं नाही, टाक्यांच्या वणावर हलक्या हातानं तेल जिरवायचं, दवाखान्यानं दिलेली घट्ट काचोळी दिवसभर घालायची आणि टॉवेलाखाली लपवून वाळवायची.

"आन एक," वर्षाराणीनं आवाज उतरवला. "जूनमदी एक कागद घेऊन आलत्या. इंग्रजी. वरचं नाव अंगठ्याखाली दाबून धरलेलं. म्हणलं, काकू, माझं इंग्रजी गोळ्यांच्या पाकिटापुरतं. तुमची लेक एवढी शिकलेली, तिला पाठवा की. तर म्हणाल्या, पाठवलाय, तिचा अंगठा आलाय. मग फोन दाखवून इचारलं, ह्यो अंगठा म्हणजी काय असतंय गं? म्या म्हणलं, म्हणजी तिनं वाचलं, समदं बरोबर हाय, काळजी नको."

"मग?"

"मग काय. खुश झाल्या. चहा पिऊन गेल्या."

तेजश्रीनं तिथंच पायरीवर फोन काढला. बोट वर सरकवत ती जूनपर्यंत गेली. आईचा मेसेज होता: 'तेजू हे इंग्रजीत हाय वाचून सांग काय करू काय नको.' त्याच्या वर धुरकट चौकोन, कधीच न उघडलेला. खाली तिचा पिवळा अंगठा. तिला आठवलं. ऑफिसात होती, चौकोनाच्या धुक्यात बाईच्या छातीची आकृती असावीशी वाटली, शेजारी सहकारी बसला होता.

तिनं चौकोनावर बोट ठेवलं. फोननं सांगितलं, हा फोटो आता उपलब्ध नाही. पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.

५

कागद पुण्याच्या दवाखान्याच्या गुलाबी फाइलीत असणार. ती फाइल आई कपाटात साड्यांच्या खाली ठेवायची. तेजश्रीनं दोन्ही कप्पे उपसले, लॉकर पाहिला, गाद्यांखाली पाहिलं. एक खालचा खण तेवढा राहिला. त्यात आईच्या काचोळ्या असायच्या. फाइल कुठंच नव्हती.

खरं ठाऊक असलेली माणसं तीन. त्यातलं एक गेलं. तेराव्याच्या सकाळी तेजश्री सरळ वडिलांपुढे जाऊन उभी राहिली.

"अण्णा, फाइल कुठं आहे?"

राधाकिशन बाजेवर बसले होते. दाढीचे खुंट वाढले होते. ते उठले, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समधून फडक्यात गुंडाळलेली फाइल घेऊन आले.

"मौतीला बाया कपाट उघडतेत. साड्या काढतेत वाटायला. कुणाच्या हाताला लागली असती तर?"

"आईला डाग मोठ्या आईनं दिला नाही, हे तुम्हाला कळलं होतं का?"

"कळलं असतं तर बरं झालं असतं." त्यांनी डोळे चोळले. "कुणीतरी पायजे ना, तेजू. कुणीतरी केलंय म्हणल्याबिगर मला झोप न्हाई. ऑपरेशन झाल्यापासनं म्या तिच्याकडं बघितलं न्हाई. आठ महिने हितं ओसरीवर झोपलो. ती म्हणली व्हती एकदा, बघा तरी, चांगलं केलंय त्यांनी. म्या म्हणलं, झाक, कुणी यील." त्यांनी फाइल तिच्या हातात दिली. "घरात आमी तिघं. तिच्या छातीवर एवढी जखम, आन मला दवाखान्यात डॉक्टर सांगती."

तेजश्रीला त्यांचा राग यायला हवा होता. पण ते तिचंच बोलत होते.

तिनं फाइल उघडली. सूचनांचं पान शेवटी होतं, बारीक अक्षरात, तेवीस कलमं. ती सवयीनं बोट ठेवून वाचू लागली. वजन. झोपण्याची रीत. काचोळी. लाली, ताप, सूज दिसली तर त्याच दिवशी या; लाजू नका. दर सहा महिन्यांनी तपासणी. कडक होतंय, आवळतंय असं वाटलं तर घरी उपाय न करता दाखवायला या.

आवळल्यागत होतंय गं. खांद्यापासनं खाली. तुला एक दाखवायचं व्हतं.

सतराव्या कलमावर तिचं बोट थांबलं. ऑपरेशन झालेल्या जागेची कातडी अनेक महिने, कधीकधी कायमची, बधिर राहते. तिथे कोणताही गरम शेक देऊ नये. भाजत असलं तरी रुग्णाला कळत नाही.

६

मोठ्या आईनं विचारलेला प्रश्न सुटला. आई ओरडली नाही, कारण तिला काही जाणवलंच नाही.

मग बाकीचं एकेक करून जागेवर बसलं, प्रुफातली चूक एकदा दिसली की डोळ्यापुढून हलत नाही तसं. जखम रविवारची. रविवारी घरात तापलेल्या वस्तू किती होत्या? विळा, पण त्याच्या रेघा वाकड्या पडतात. इस्त्री, तिचा त्रिकोण अण्णांच्या सदऱ्यावर उमटला होता, त्यात रेघा नव्हत्या. तेल, ते मनगटावर उडालं आणि तिथं आई ओरडली. आणि चौथी वस्तू, जी कुणीच मोजली नव्हती, कारण ती प्रेमानं आणलेली होती. पाण्यानं भरलेली, पन्हाळी पाठीची, खोळ नसलेली.

पाणी तापवलंतस, का नुसतं चुलीला दाखवून आणलंस?

आणि तिनं दुसऱ्यांदा भरली होती. वाफा निघत असलेलं पाणी, काठोकाठ.

ती बॅग आता कुठं होती? ओसरीवर नाही, स्वयंपाकघरात नाही, आईच्या उशापायथ्याशी नाही. घर उपसताना एकदाही हाताला लागली नव्हती. आईनं वर्षाराणीला हात भाजला म्हणून सांगितलं. डॉक्टरांना माझ्याच हातनं झालं म्हणून सांगितलं. ती कुणाला तरी पाठीशी घालत होती, आणि कुणाला ते तेजश्रीला कळू नये म्हणून तिनं ती वस्तूही लपवली असणार. तेजश्री जिथं कधी हात घालणार नाही अशा जागी.

ती कपाटापुढे बसली आणि खालचा खण ओढला.

काचोळ्या नीट घड्या घालून ठेवल्या होत्या, चार. त्यांच्याखाली बॅग. तिच्यावर निळी खोळ चढवलेली, गुंड्या लावलेल्या. धुतलेली, कोरडी, एकदाही न वापरलेली.

तेजश्रीनं गुंड्या काढल्या आणि केसपेपर शेजारी ठेवला. रबराच्या पाठीवरच्या उंच रेघांवर तिनं बोट ठेवून मोजल्या. मधल्या सहा जुळल्या.

बाहेर अंगणात तेराव्याची पंगत उठत होती, आणि जीप सुरू केल्याचा आवाज आला.

७

बिभीषण ड्रायव्हरनं बोचकं मागच्या सीटवर ठेवलं होतं. मोठी आई जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी होती. गुडघा वर उचलत नव्हता आणि कुणी हात देत नव्हतं. भावकीतल्या बाया पदरानं हात पुसत बघत होत्या.

"आता कावून पाय अडतोय?" विमलबाई म्हणाली. ती नात्यानं मोठ्या आईची जाऊ, आणि तिची जीभ गावभर ठाऊक. "डाग देताना हात न्हाई अडला ते."

"मोठी आई, खाली ये," तेजश्री ओसरीवरून म्हणाली.

सगळ्या वळल्या. तिच्या हातात बॅग होती. राधाकिशननी ती पाहिली, मग तिचा चेहरा पाहिला.

"तेजू," ते हळूच म्हणाले, "घरात चल."

"नाही, अण्णा."

ती पायऱ्या उतरून जीपपाशी आली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण अंगण गप्प झालं होतं.

"आईची गर्भपिशवी काढलेली नव्हती. आम्ही खोटं सांगितलं. आईला स्तनाचा कॅन्सर होता. एक स्तन काढला आणि तिथं आत इम्प्लांट बसवलं होतं. तिला ते हवं होतं, आणि त्यात काही वाईट नव्हतं."

कुणीतरी पदर तोंडाला लावला. राधाकिशन मागच्या मागे पायरीवर बसले.

"त्या जागेला तिला गरम-गार काही कळत नव्हतं. तिथं शेक द्यायचा नाही, असं दवाखान्यानं लिहून दिलं होतं. आईला इंग्रजी येत नव्हतं. तिनं तो कागद मला पाठवला. मी उघडलासुद्धा नाही, आणि वाचल्यासारखं कळवलं. त्या रविवारी ही बॅग मी आणली. खोळ वाळायची होती, ती म्हणाली थांब. मी थांबले नाही. पाणी मी उकळलं, दोनदा मी भरलं. तिला डाग मोठ्या आईनं दिला नाही. मी दिला."

बिभीषणनं जीप बंद केली.

"अगं पण," विमलबाईचा आवाज आता वेगळाच झाला होता, "तू तिथंच व्हतीस ना? लेक ना तू तिची? बघितलं कसं न्हाईस?"

"ती भिंतीकडं तोंड करून झोपली होती. मी दुसरीकडं तोंड करून वाचत होते. मला लाज वाटायची. तिच्या अंगाची. तिनं या वयात ते बसवून घेतलं त्याची. तिला ते कळत होतं, म्हणून भाजल्यावरही तिनं मला सांगितलं नाही. ही बॅग लपवून ठेवली, मला कधी समजू नये म्हणून."

मोठ्या आईनं पाय पायरीवरून खाली घेतला. ती सावकाश चालत आली, तिनं तेजश्रीच्या हातातली बॅग घेतली आणि खोळीवरून अंगठा फिरवला.

"फाटकापाशी काय म्हणली व्हती गं ती तुला?" तिनं विचारलं. "तू गेल्यावर कितीतरी येळ तिथंच उभी व्हती. म्या म्हणलं, गेली बस, चल आता."

"म्हणाली, तुला एक दाखवायचं होतं."

"आन तू?"

"मी म्हणाले, बस जाईल."

 मोठ्या आईनं तेजश्रीचं मनगट धरलं, लहानपणी पोटावर डाग देताना धरलं असेल तसं घट्ट. तेजश्री फाटकाकडे बघत होती. तिथं कुणी नव्हतं. सगळं गाव ऐकत होतं, अण्णा ऐकत होते, आणि तिला आता कुठंही जायचं नव्हतं.

"आई," ती मोठ्यानं म्हणाली, "दाखव. मी बघते."